पाटी झाकून ऐक

भाचेबुवा,

नांदेडला दोन अँप्लिफायर ऐकून आलास. एकाचे आकडे उजवे, पण कान दुसऱ्याकडे ओढतोय. ‘आकड्यांना काय कळतं गाणं?’ हा तुझा सवाल आवडला, पटला नाही. पीएमपीओचे फुगवलेले हजारो वॅट छापणाऱ्या खोक्यांनी आपला आकड्यांवरचा विश्वास उडवला, हे मात्र खरं.

पण पारख कशी करायची ते बघ. तुमच्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहतेय, ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांची. अमेरिकेतल्या लायगोत सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या माणसांनी गुपचूप खोटा संकेत सोडला. असं कधीतरी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कधी ते नव्हतं. शास्त्रज्ञ महिनोन्महिने तपासत बसले, शोधनिबंधही लिहून झाला. मार्च २०११ मध्ये गुपिताचं बंद पाकीट उघडलं, तेव्हा संकेत खोटा होता हे कळलं. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली, तेव्हा पहिली शंका हीच: पुन्हा कुणी खोडी तर काढली नाही ना? ती लहर ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती, म्हणजे तुझ्या वूफरच्याच टापूत. तिचा आवाज करून त्यांनी ऐकलाही हौसेने, पण पुरावा मानला तो पडताळणीला.

हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरवर असाच पडताळणीचा प्रयोग मांडला. कंपनीच्याच नोकरदारांना स्पीकर दाखवूनही ऐकवले आणि पडद्याआडूनही. एका छोट्या, स्वस्त संचाला समोर दिसताना कमी गुण मिळाले. पडद्याआड तोच महागड्यांच्या पंगतीत बसला. टूलना वर्षानुवर्षं आढळलं ते असं, की पडद्याआडून लोकांना आवडणारे स्पीकर बहुधा मोजणीतही सरळ उतरतात. कान आणि यंत्र यांचं भांडण नाहीच रे, भांडण लावते ती पुढची पाटी!

तेव्हा दुकानदाराकडून दोन्ही अँप्लिफायर दोन दिवस घरी माग. एक हजार हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लाव आणि दोन्हींचा व्होल्टेज सारखा कर. एक जरा मोठा वाजला, तरी तो मोठा न वाटता ‘खुललेला’ वाटतो. मग धाकटीला लाव, तुला न सांगता अदलाबदल करायला. फरक कळला नाही, तर स्वस्त घे. उरलेले पैसे स्पीकरला आणि फरशीवरच्या जाड सतरंजीला. तुमच्या स्लॅबच्या खोलीत आवाज फार घुमतो.

तारा बदलताना वीज बंद ठेवा. टोकाला टोक लागून अँप्लिफायर जळला, तर दुकानदार पैसे मागेल.

तुझा,
मामा