‘बी’ची करामत

दिवाळीच्या वर्गासाठी आम्ही पॉवरपॉइंटवर प्रश्नमंजूषा केली. एफ५ दाबले की खेळ सुरू. मुलांनी ‘सात’ म्हटले की ७ आणि एंटर. सातवी स्लाइड हजर! माउस लागतच नाही. पण आमचा हात घाईने स्पेसबारवर पडे, उत्तर उघडे, आणि मनात मराठी वाक्य जुळवणारी मुले गप्प होत.

मग ‘बी’चे बटण सापडले. एकदा दाबले की पडदा काळा, पुन्हा दाबले की प्रश्न परत. ‘शिवरायांचा जन्म कुठे झाला?’ असे विचारून आम्ही ‘बी’ दाबले आणि थांबलो. बऱ्याच वेळाने एक लाजरी मुलगी म्हणाली, ‘‘शिवनेरीवर.’’

नुसते ‘शिवनेरी’ नव्हे, ‘शिवनेरीवर’! मुलांनो, त्या ‘वर’साठी आम्ही तासभरही थांबलो असतो.