जाळीअलीकडचा माणूस

अमेरिकेच्या सफरीत कॅन्सस सिटीला एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा मी अठराव्या रस्त्यावरच्या व्हाइनच्या नाक्याला गेलो. ही एके काळची काळ्यांची गजबजलेली पेठ. गोऱ्यांच्या बेसबॉल-संघांत काळ्यांना मज्जाव होता. म्हणून १९२० साली येथून जवळच त्यांनी आपला डाव वेगळा मांडला. त्या काळच्या भाषेत तिचे नाव ‘नीग्रो नॅशनल लीग’.

आज या नाक्यावर त्या खेळाडूंचे संग्रहालय आहे. आत शिरताच मैदान दिसते. जागोजागी ब्राँझचे खेळाडू उभे आहेत. पण मध्ये खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी! आणि जाळीअलीकडे, आपल्याच बाजूला, एक पुतळा आत पाहत उभा आहे. तो बक ओ’नील.

फ्लॉरिडात १९११ साली जन्मलेला हा मुलगा सेलरीच्या मळ्यात खोकी वाहत असे. रंग काळा, म्हणून सॅरासोटाच्या हायस्कूलची दारे त्याला बंद होती. १९३८ मध्ये तो कॅन्सस सिटी मॉनर्क्सकडे आला. जागा पहिल्या बेसची : फटका मारून धावत येणारा पोचण्याआधी चेंडू झेलायचा. जॅकी रॉबिन्सनला १९४७ साली गोऱ्यांच्या लीगचे दार उघडले, तेव्हा बकची पस्तिशी उलटली होती. मग त्याने तरुणांना त्या दारातून आत पाठवले. १९६२ मध्ये शिकागो कब्जने त्याला प्रशिक्षक नेमले. मोठ्या लीगमधला तो पहिला काळा प्रशिक्षक. हे संग्रहालय उभारण्यातही त्याचाच पुढाकार.

२००६ साली कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरात काळ्यांच्या बेसबॉलमधील सतरा जणांना मानाचे स्थान मिळाले. बकचे नाव त्यांत नव्हते. सतराही जण हयात नव्हते. त्यांच्या वतीने बोलायला कोण? चौऱ्याण्णव वर्षांचा बक! तो गेला, हसतमुखाने बोलला, श्रोत्यांना हात धरायला लावून त्यांच्याकडून गाणे म्हणवून घेतले. त्याच ऑक्टोबरात तो वारला. त्याचा स्वतःचा मान २०२२ मध्ये आला.

वाचकहो, मी एका सहकाऱ्याच्या सत्काराला डोकेदुखीचे निमित्त सांगून घरी बसलो होतो. सत्कार माझा व्हायला हवा होता, एवढेच दुखणे.

संग्रहालयाची वाट शेवटी मैदानात उतरते. पहिल्या बेसपाशी उभा राहून मी मागे पाहिले. जाळीपलीकडून बक खेळ पाहत होता. माझी मान खाली गेली.

परत आल्यावर पहिल्यांदा त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो. पेढे घेऊन, चार वर्षे उशिरा.