दोन म्हाळुंगे आणि दादाचे कान

आपल्या भागात म्हाळुंगे दोन आहेत. एक बालेवाडीला खेटून, जिथं शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. दुसरं चाकणजवळचं म्हाळुंगे इंगळे, जिथं कंपन्याच कंपन्या. मागं एकाच आठवड्यात मी दोन्हीकडं गेलो आणि तेव्हापासून एकच विषय डोक्यात घोळतोय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. घरात कोणी प्रेस शॉपला किंवा फोर्जिंगला असेल तर नक्की वाचा.

बालेवाडीला नेमबाजीच्या सरावावर बातमी करायला गेलो होतो. याच रेंजवर घाम गाळलेल्या स्वप्निल कुसळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, हे तुम्हाला माहीतच आहे. मी पत्रकारी ऐटीत कानात काही न घालता पुढं गेलो. पॉइंट टू-टू रायफलचा बार म्हणजे 140 डेसिबलच्या आसपास. दोन-तीन बार झाले आणि कानात किर्रर्र सुरू झालं. तिथल्या एका मुलीनं हसत मला फोमचे दोन प्लग दिले. मी ते तसेच खुपसले, तर म्हणाली, "सर, असं नाही." प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. पंचेचाळीस वर्षांचा झालो, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग विचारलं, हेडफोनसारखे मोठे मफ का नाही? ती म्हणाली, रायफलला गाल टेकवला की मफ दस्त्याला घासतो, सरकतो, म्हणून आम्हाला प्लग बरा. पिस्तूलवाल्यांना मफ चालतो. चष्मा असेल तर काडीमुळं मफच्या कडेला फट राहते. या स्पर्धेच्या पात्रता फेरीतच 60 शॉट्स असतात, गुडघ्यावर, झोपून, उभं राहून. सरावात तर दिवसच्या दिवस जातो. "दुपारी टोचायला लागला की आपण काढणार. म्हणून आधी आराम बघायचा, आकडा नंतर."

चार दिवसांनी म्हाळुंगे इंगळेला चुलतभावाकडं गेलो. दादा 22 वर्षं प्रेस शॉपला. वय 48. टीव्ही इतका मोठा की बाहेर चप्पल काढतानाच सगळ्या बातम्या कळल्या. वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्हीच सांगा यांना. मी बोलले की म्हणतात पुटपुटतेस." दादा चिडला, "आवाज येतो रे मला, शब्द कळत नाहीत."

हेच तर या दुखण्याचं लक्षण. आवाजानं कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, त, फ ही अक्षरं गळतात. बायकांचा, लहान पोरांचा आवाज आधी हरवतो. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही.

दादाला विचारलं, प्लग देत नव्हते का? "द्यायचे की. ऑडिट असलं की सगळ्यांना वाटायचे." मग घालत का नव्हतास? "दुखायचे. खाज यायची, घामानं निसटायचे. सुपरवायझर काय बोलतोय कळायचं नाही, म्हणून काढायचो. थोडा वेळच."

या 'थोडा वेळच'चं गणित बघा. दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा 10 पट होते. 30 डेसिबल कमी करणारा प्लग म्हणजे 1000 पट फरक. म्हणजे प्लग काढून घालवलेला अर्धा तास हा प्लग घालून केलेल्या 500 तासांएवढा. 8 तासांच्या शिफ्टमध्ये एवढा अर्धा तास कान उघडे राहिले, तर 30 चा प्लग दिवसाअखेर जेमतेम 12 चा उरतो. पाकिटावरचा मोठा आकडा काय कामाचा?

आपल्याकडं कारखान्यांच्या नियमांत मर्यादा आहे 90 डेसिबल, 8 तासांसाठी. जगात बरेच तज्ज्ञ 85 धरतात. चाकणला ओटी धरून 12 तास काढणारी पोरं कमी नाहीत. आवाजानं येणारा बहिरेपणा 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कळवणं बंधनकारक असलेला आजार होता, ईएसआयमध्येही तो व्यवसायजन्य आजार आहे. म्हणजे हे नशीब नाही, कामावर झालेली इजा आहे. पण ती सिद्ध करायला कागद लागतो. दादाकडं 22 वर्षांत कानाच्या तपासणीचा एकही कागद नाही. कंत्राटदार चार वेळा बदलले, कागद कोण ठेवणार?

म्हणून पोरांनो, एवढं करा.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज धोक्याचा समजा.

एकच प्रकार घेऊन बसू नका. फोम, सिलिकॉन, मफ, तिन्ही मागा आणि अर्धी शिफ्ट घालून बघा. कानाची भोकं सगळ्यांची सारखी नसतात, एकाच माणसाचे दोन कानही वेगळे असतात. लाईनवरच्या मुलींना मोठा फोम टोचतो, त्यांना लहान साईज मागू द्या. फोमला काळ्या ऑइलचे हात लावू नका, मळला की फेका. दोरीवाला प्लग फिरत्या मशीनजवळ नको. आणि फार जास्त आवाज अडवणाराही नको, फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

कामाला लागतानाच कानाची ऑडिओमेट्री करून घ्या, पुढं दरवर्षी. सुट्टीनंतर, शिफ्टच्या आधी करा, म्हणजे खरा आकडा येतो. रिपोर्टची कॉपी घरी ठेवा.

सेफ्टी ऑफिसर मंडळींनाही विनंती, किती प्लग वाटले ते मोजू नका. दुपारी तीन वाजता किती कानांत आहेत ते मोजा.

दादाचा मुलगा नुकताच ट्रेनी म्हणून प्रेस शॉपलाच लागलाय. मी त्याच्यापुढं तीन प्रकारचे प्लग ठेवले. त्यानं दोन नाकारले, तिसरा घालून तासभर घरात फिरला. दादा बघत होता. मग त्यानं स्वतः पोराचा कान वर ओढून प्लग नीट बसवून दिला.

तुमच्या कंपनीत किती प्रकारचे प्लग मिळतात? कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त आकडा.