पांच पट्ट्यांचें अंगण

गेल्या मे महिन्याच्या सुटींत एके दुपारीं माझा मुलगा संगणकापुढें बसला होता. पडद्यावर हिरवेंगार अंगण, त्यांत लावलेलीं कांहीं रोपें, आणि उजवीकडून डुलत डुलत येणारीं प्रेतें! सुटींत पुस्तक हातीं धरावें असा माझा आग्रह नाहीं. परंतु ख्रिस्ती घरांत भरदुपारीं प्रेतांचा खेळ चालावा, हें मला रुचलें नाहीं. मीं संगणक बंद करण्यास हात पुढें केला. तेव्हां तो म्हणाला, "पपा, तुम्ही एकदां खेळून पाहा, मग वाईट वाटलें तर बंद करा." न वाचलेल्या उत्तरपत्रिकेला गुण देऊं नयेत, हा नियम मीं वीस वर्षें पाळला आहे. त्यामुळें खुर्ची ओढून बसणें मला भाग पडलें. त्या बसण्यांतून जें निष्पन्न झालें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

खेळाचें नांव 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज', म्हणजे वनस्पति विरुद्ध चालतीं प्रेतें. अमेरिकेंतील सिॲटल शहरच्या पॉपकॅप या कंपनीनें तो २००९ सालच्या मे महिन्यांत प्रसिद्ध केला. रचनाकार जॉर्ज फॅन. या जातीच्या खेळांस 'टॉवर डिफेन्स' म्हणतात. शत्रु ठराविक वाटेनें येतो, आणि आपण वाटेवर बुरूज उभारून त्याला अडवावयाचें. येथें बुरुजांच्या जागीं रोपें आहेत, आणि वाट म्हणजे घरापुढचें अंगण. त्याचे आडवे पांच पट्टे, प्रत्येक पट्ट्यांत नऊ घरें, एकूण ४५. हाताच्या चपळाईची परीक्षा थोडी; कोणतें रोप कोठें व केव्हां लावावें, या विचाराची परीक्षा फार. म्हणून मी याला लढाईपेक्षां कोडेंच म्हणेन.

रोप लावण्यास सूर्यप्रकाश लागतो. तेंच येथलें नाणें. आकाशांतून अधूनमधून प्रकाशाचा एक गोळा पडतो, त्याचें मोल २५. वाटाणे फेकणारें रोप १०० ला पडतें, सूर्यफूल ५० ला. सूर्यफूल कोणाला मारीत नाहीं. तें केवळ आणखी प्रकाश देतें. मीं अर्थातच आधीं वाटाण्यांचीं रोपें लावलीं. साधें प्रेत दहा वाटाण्यांत पडतें; परंतु रस्त्यावरील शंकूची टोपी घातलेल्या प्रेतास २८ लागतात. तीं टोपीवालीं आलीं तेव्हां माझी तिजोरी रिकामी होती. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशीं गवत कापण्याचें एक यंत्र असतें; तें पट्टा एकदांच साफ करून निघून जातें. माझीं यंत्रें एकामागून एक खर्चीं पडलीं आणि शत्रु घरांत शिरला. मुलगा शांतपणें म्हणाला, "पपा, आधीं सूर्यफुलें लावा असें खेळानेंच सांगितलें होतें. तुम्ही सूचना वाचली नाहीं." प्रश्नपत्रिकेवरील सूचना आधीं वाचा, असें दरवर्षीं बजावणारा मी! पेरणाऱ्याच्या दाखल्यावर मी कितीएक रविवारीं बोललों आहें. पण बियाणें खाऊन बसणारा शेतकरी मीच निघालों.

पुढें मात्र गोडी लागली. या खेळाचा पहिला गुण हा कीं, एकाच युक्तीवर तो कोणाला निश्चिंत बसूं देत नाहीं. रात्र झाली कीं आकाशांतून प्रकाश पडत नाहीं. तेव्हां अळंब्यांचा आश्रय करावा लागतो, आणि त्याच अळंब्या दिवसां लावल्या तर झोपीं जातात. पुढें अंगणामागें तलाव लागतो. तेथें पट्टे सहा होतात. मग धुकें येतें. शेवटीं उतरतें छप्पर येतें. त्यावर सरळ फेकलेला वाटाणा आपटून वायां जातो, म्हणून उंच भिरकावणारीं रोपें लागतात. डोक्यावर बादली घातलेलें प्रेत ६५ वाटाणे खातें. पण लोहचुंबकाची अळंबी ती बादली अलगद काढून घेते. बळानें जें ६५ वेळां करावें, तें योग्य साधन ओळखल्यास एका वेळीं होतें. भूमितींतील प्रमेयाचा आनंद याहून निराळा नसतो.

दुसरा गुण मला अधिक बोंचला. पहिल्या पायरीवर हा खेळ एकच पट्टा उघडतो, दुसरीवर तीन, पांचहि पट्टे चौथीवर. नवें रोप देतो तें बहुधा एका वेळीं एकच, आणि तें वापरावयास लावून मगच पुढचें संकट आणतो. हें पाहतांना मला माझा आठवीचा वर्ग आठवला. आदल्या वर्षीं बीजगणिताच्या पहिल्याच आठवड्यांत मीं चिन्हें, कंस, समीकरणें, सारेच पट्टे एकदम उघडले होते. एक मुलगा फळ्यापाशीं अडला. मी सर्व वर्गादेखत म्हणालों, "गणित तुझ्यासाठीं नाहीं." तो खालीं बसला, आणि वर्षभर त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं. अभ्यासक्रम पुरा झाला, या समाधानांत मीं तें मनावर घेतलें नव्हतें.

आतां दोष. सूर्यफुलांच्या दोन उभ्या ओळी लागल्या कीं प्रकाशाचा सुकाळ होतो. मग कोडें सुटलेलें असतें, आणि उरलेला वेळ गोळे टिपीत बसण्यांत जातो. मुख्य खेळाच्या पन्नास पायऱ्यांपैकीं पुष्कळ यामुळें फार सोप्या वाटतात. थडग्यांतून उठणाऱ्या प्रेतांची थट्टाहि मला पूर्णपणें रुचली नाहीं. ज्या दफनभूमींत आपले वडील निजले आहेत, ती आपल्याला आशेची जागा आहे. शिवाय २०११ सालीं इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनें पॉपकॅप विकत घेतली, आणि २०१३ सालीं निघालेला दुसरा भाग फुकट ठेवून त्यांतील कांहीं रोपांस खरे पैसे मागितले. जेथें विचारानें सोडवावयाची अडचण पैशानें सुटूं लागते, तेथें कोडें संपून बाजार सुरू होतो, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

परंतु सर्वांत मोठा दोष म्हणजे येथें हरण्याला कांहींच मोल नाहीं. घर गेलें तरी एक बटन दाबावें. अंगण पुन्हां जसेंच्या तसें हिरवें! शिकण्यासाठीं हें सोयीचें खरें; पण जग असें आहे अशी समजूत मनांत रुजूं नये. वर्गांत मी बोललेल्या त्या वाक्याला असें बटन नव्हतें.

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां मीं त्या मुलाला बोलाविलें. तो आतां नववींत होता. माझें चुकलें, असें मीं त्याला सांगितलें. तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "कांहीं नाहीं, सर," आणि निघून गेला. तिसऱ्या आठवड्यांत मात्र तो आपण होऊन वही घेऊन आला. तेव्हांपासून आठवड्यांतून दोन दिवस शाळा सुटल्यावर आम्ही बसतों. एका वेळीं एकच पट्टा. मागल्या महिन्यांत त्यानें वर्गांत हात वर केला. उत्तर चुकलें. मला किती आनंद झाला तें लिहून कळणार नाहीं.

घरीं आमचा ठराव असा झाला आहे: रोज दोन पायऱ्या, मग संगणक बंद, आणि हरल्यास कोठें चुकलें तें आधीं तोंडानें सांगावें. हा नियम मलाहि लागू आहे. पालकहो, मुलाच्या हातांतील खेळ हिसकावण्यापूर्वीं एकदां त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा. आणि विद्यार्थिमित्रहो, आधीं सूर्यफुलें लावा; परीक्षा जवळ आल्यावर वाटाणे फेकण्यास प्रकाश कोठून आणाल?