वाचता न येणारा प्रवासी

पदव्युत्तर वर्गाला वाचककेंद्री समीक्षा शिकवताना ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मी गेली कित्येक वर्षे एकाच पद्धतीने समजावून सांगत आले आहे. वोल्फगांग इझर याने १९७२ मध्ये मांडलेला हा वाचक कोणी हाडामांसाचा माणूस नसतो. संहितेने आपल्या रचनेतूनच त्याच्यासाठी एक जागा राखलेली असते आणि प्रत्यक्ष वाचक त्या जागेवर जाऊन बसतो, एवढे सांगून मी दोन-तीन कादंबऱ्यांची उदाहरणे देते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. त्या जागेवर ज्याला बसताच येत नाही त्याचे काय, हा प्रश्न वर्गात कधी निघाला नाही. मीही काढला नाही. तो निघाला संगणकावरच्या एका अपूर्ण खेळाच्या निमित्ताने. त्याचीच ही हकिकत.

एम. ए.चे पहिले वर्ष पुरे करून अभ्यासक्रम सोडून गेलेला आणि पुढे संगणकाच्या व्यवसायात स्थिरावलेला माझा एक विद्यार्थी दीड वर्षापूर्वी घरी आला. नोकरी सांभाळून, रात्री जागून, तो व त्याचे दोन मित्र एक खेळ तयार करीत होते. पाठीशी कोणतीही कंपनी नाही, भांडवल म्हणजे तिघांची बचत. खेळणाऱ्याने भुयारी रेल्वेचे एक स्थानक चालवायचे, जिने कोठे, तिकीटखिडक्या किती, पाट्या कोणत्या वळणावर, दुकानांना जागा किती द्यायची हे ठरवायचे, एवढाच विषय. खेळातल्या शहराला नाव नाही. परंतु जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा पुणे मेट्रोचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा पेठांच्या खालून गाडी जाताना पाहून ही कल्पना सुचली, असे तो म्हणाला. ज्या साधनावर हा खेळ बांधला जात होता त्याचे नाव ‘गोडो’. बेकेटच्या नाटकावरूनच हे नाव पडले आहे, हे माझ्या या विद्यार्थ्याने मला सांगितले, तेव्हा अभ्यासक्रम अगदीच वाया गेला नाही असे वाटून मी सुखावले. “मॅडम, पाट्या तुम्ही लिहून द्या,” एवढीच त्याची मागणी होती.

या प्रकारच्या खेळांना आता परंपरा आहे. विल राइटचा ‘सिमसिटी’ १९८९ चा. त्यामागे जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या नागरी प्रतिमानाचे ऋण आहे. न्यूझीलंडमध्ये दोघा भावांनी सुरू केलेल्या ‘मिनी मेट्रो’त (२०१५) प्रवासी म्हणजे वर्तुळे, त्रिकोण आणि चौकोन, एखाद्या स्थानकात ते मर्यादेबाहेर साचले की खेळ संपतो. ‘स्टेशनफ्लो’ या २०२० च्या जपानी खेळात भुयारी स्थानकातील पाट्या हाच मुख्य विषय आहे. या सर्वांत खेळणारा वरून पाहत असतो. मिशेल द सेर्तो याने न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीवरून दिसणारे शहर आणि रस्त्यावर चालणाऱ्याचे शहर यांत जो भेद केला, तो येथे अगदी शब्दशः लागू पडतो. आणि इयन बोगोस्ट म्हणतो त्याप्रमाणे, अशा खेळाचा युक्तिवाद त्यातल्या शब्दांत नसून नियमांत असतो, हे मान्य केले तर प्रश्न उरतो तो असा: प्रवासी म्हणजे कोण, याविषयी हे नियम काय म्हणतात?

विद्यार्थ्याने दाखवलेल्या पहिल्या आराखड्यात प्रत्येक प्रवासी सर्वज्ञ होता. जवळची वाट शोधण्याची १९६८ पासूनची एक प्रसिद्ध गणिती रीत आहे. तिच्या आधारे प्रत्येक प्रवाशाला आत पाऊल टाकण्यापूर्वीच संपूर्ण स्थानकाचा नकाशा ठाऊक असे. कोणी चुकत नसे. त्यामुळे पाट्यांना काही अर्थच नव्हता. दुसऱ्या आराखड्यात त्याने ही सर्वज्ञता काढून घेतली. आता प्रवाशाला नजरेच्या टप्प्यातली पाटी तेवढी दिसे. ती वाचून तो पुढच्या पाटीपर्यंत जाई. आपल्या कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर सर्वज्ञ निवेदकाच्या जागी आता वाचक आला होता. मला हा बदल मनापासून आवडला आणि मी उत्साहाने पाट्या लिहायला बसले.

मी प्रथम ‘निर्गम’ लिहिले. त्याने ते खोडून ‘बाहेर’ केले. ‘उद्वाहक’ लिहिले, त्याने ‘लिफ्ट’ केले. ‘फलाट’ आणि ‘सरकता जिना’ हे शब्द मात्र त्याने ठेवले. आमची ही झटापट मराठीच्या प्राध्यापकाला अपरिचित नाही. शासनव्यवहाराच्या परिभाषेतून आलेला शब्द अचूक असतो, तरी जिन्याच्या तोंडाशी, मागून लोक ढकलत असताना, त्याचा अर्थ लावायला जी क्षणभर उसंत लागते ती तेथे नसते. इथवर आम्हा दोघांचे एकमत होते. मतभेद झाला तो एका लहानशा तपशिलावरून. खेळातल्या काही प्रवाशांना पाटी वाचता येत नव्हती, हे त्याने वास्तवाला धरून योजले होते. अशा प्रवाशाच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटे, तो इकडून तिकडे फिरे, त्याचा संयम मोजणारी पट्टी तांबडी होई आणि अखेर तो निघून जाई. खेळणाऱ्याचे गुण कमी होत. वाचता न येणारा प्रवासी म्हणजे स्थानकाच्या हिशेबातली तूट.

माझी आई निरक्षर होती. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून मला भेटायला ती एकटी स्वारगेटला उतरे आणि तेथून शहराच्या गाडीने वसतिगृहापर्यंत येई. ती कधीही चुकली नाही. तिची एक पद्धत होती. घाईत असलेल्या माणसाला विचारायचे नाही. सोबत लहान मूल असलेल्या बाईला विचारायचे. एकीने सांगितले की लगेच निघायचे नाही. चार पावले पुढे जाऊन दुसऱ्या कोणाला तेच विचारायचे आणि दोघांचे जुळले तरच गाडीत पाय ठेवायचा. विचारताना ती म्हणे, “चष्मा घरी राह्यला बघा, ही गाडी कुठली?” तिच्याकडे चष्मा कधीच नव्हता. मी बी. ए.च्या वर्गात होते तेव्हा एकदा तिला पोहोचवायला गेले असता तिने माझ्यादेखत एका बाईंना हेच वाक्य ऐकवले, आणि शेजारी माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या असल्यामुळे मी दोन पावले मागे सरकले. आईने ते पाहिले. त्यावर ती कधी काही बोलली नाही.

हे मी विद्यार्थ्याला सांगितले आणि आग्रह धरला की, वाचता न येणाऱ्या प्रवाशाला खेळात निदान विचारता आले पाहिजे. त्याने तिसरा आराखडा केला. प्रवासी आता दुसऱ्या प्रवाशाजवळ जाऊन विचारू लागला. परिणाम असा झाला की विचारणारा थांबे, सांगणारा थांबे, त्यांच्यामागचे थांबत, आणि जिन्याच्या पायथ्याशी पाहता पाहता गाठ बसे. पादचाऱ्यांच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये गर्दीच्या सहा श्रेणी केल्या; चालण्याच्या मार्गावर दर माणशी सुमारे अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागा उरली की सहावी, शेवटची श्रेणी येते, जिथे चालणे जवळपास थांबते. आमचे स्थानक वारंवार त्या श्रेणीला जाऊन पोहोचत होते. “मॅडम, तुमच्या आईंसारख्या दहा जणी आल्या की माझं स्टेशन बंद पडतं,” तो म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता. पडद्यावर दिसत होते तेच त्याने सांगितले.

मला राग आला होता, आणि त्या रागाच्या भरात मी त्याला मौखिक परंपरेवर एक छोटेसे व्याख्यानही दिले. लिखिताच्या सत्तेविरुद्ध बोलण्याची बाजू घेणे आपल्या विद्याशाखेत सोपे असते. त्या रात्री मात्र मला २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवली. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (२०१८ पासून प्रभादेवी) पादचारी पुलावर त्या दिवशी चेंगराचेंगरीत २३ माणसे मरण पावली. पाऊस पडत होता, लोक पुलावरच थांबून होते, आणि मागून येणाऱ्या गाड्यांतून माणसे त्यात भरत होती. कोणी तरी ‘फूल’ पडले असे म्हणाले आणि ऐकणाऱ्यांनी ते ‘पुल’ पडला असे ऐकले, अशी एक हकिकत तेव्हा वृत्तपत्रांत आली होती. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला अर्थभेद मी भाषाविज्ञानाच्या तासाला जोड्या फळ्यावर लिहून शिकवते. ती हकिकत खरी असो वा नसो, बोललेला शब्द आपोआप माणसाला वाचवतो हा माझा समज तिने मोडला.

पुष्कळ विचारानंतर माझ्या लक्षात आले ते असे. माझ्या आईची पद्धत बोलण्यावर जेवढी उभी होती, तेवढीच दुसऱ्यांदा विचारण्यावर. आणि दुसऱ्यांदा विचारायला चार पावले मोकळी जागा लागते. शेवटच्या श्रेणीच्या गर्दीत ती जागा नसते. तेथे एकच शब्द येतो, एकदाच येतो, आणि तो बरोबर ऐकला की चूक हे पडताळून पाहता येत नाही. म्हणजे वाद लिखित आणि मौखिक यांचा नव्हताच. थांबण्यासाठी कोणी किती जागा सोडली आहे, याचा होता. आम्हा दोघांचीही चूक तीच होती. त्याच्या नियमांत थांबणे हा दोष होता, आणि माझ्या आग्रहात थांबायला जागा कोठून आणायची याचा विचार नव्हता.

चौथ्या आराखड्यात जिन्याच्या बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर, एक कोपरा आला. तेथे उभे राहून विचारता येते आणि मागचे अडत नाहीत. परंतु तो कोपरा ठेवायचा तर खेळणाऱ्याला एका दुकानाचे भाडे सोडावे लागते. खेळ तपासून पाहणाऱ्या मित्रांपैकी बहुतेकांनी पहिल्याच फेरीत तेथे चहाचे दुकान थाटले, हे विद्यार्थ्याने मला हसत सांगितले. दुकान काढून कोपरा मोकळा करणारेही दोघे-तिघे निघाले. स्थानकात गर्दी शेवटच्या श्रेणीकडे जाऊ लागली की काय दाखवायचे, हा प्रश्न बरेच दिवस पडून होता. त्याने आधी ‘खेळ संपला’ असे लिहिले होते. एल्फिन्स्टनविषयी आमचे बोलणे झाल्यावर त्यानेच ते काढले. आता त्याआधीच बाहेरची दारे बंद होतात, आणि पाटीवर माझे एक वाक्य येते: ‘आत गर्दी झाली आहे. थोडे थांबा.’ तेच वाक्य ध्वनिक्षेपकावरून दोनदा ऐकू येते. दोनदा असावे, ही माझी अट होती.

खेळ केव्हा पुरा होईल हे सांगता येत नाही. माझ्यापुरते बोलायचे तर, त्यानंतर मी माझे काही जुने समीक्षालेख काढून वाचले. त्यांच्या पहिल्याच परिच्छेदात चार-पाच संज्ञा हारीने उभ्या आहेत, आणि ज्याला त्या ठाऊक नाहीत त्याने कोठे उभे राहून कोणाला विचारावे याची सोय लेखात कोठेही नाही. माझ्या वर्गात बसणारी पुष्कळ मुले घरातली शिकणारी पहिली पिढी आहेत. व्याख्यान चालू असताना ती माना डोलावतात. त्या डोलावण्याचा अर्थ मी आजवर ‘समजले’ असा करीत आले होते. त्यांपैकी कित्येकांचा चष्मा घरी राहिला असणार, हे मला कळायला हवे होते.

यंदा ‘अभिप्रेत वाचक’ शिकवताना मी नेहमीचे विवेचन केले आणि पुढच्या मुद्द्याकडे न वळता गप्प उभी राहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मॅडम, ‘अभिप्रेत’ म्हणजे काय?” तिला उत्तर देण्यात आणि त्यानंतर निघालेल्या प्रश्नांत उरलेला तास गेला. इझर त्या दिवशी अर्धाच राहिला.