रक्त आटत नाही, त्याची वाटणी बदलते

"या गोळ्यायनं त्याच्या डोक्यातलं रगत आटते. बंद कर," आई म्हणाली. दादाला स्किझोफ्रेनियासाठी हॅलोपेरिडॉल सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. कानातले आवाज कमी झाले होते, रात्री डोळा लागत होता. पण हात असा थरथरायचा की चहा बशीत सांडायचा. आधी आईने त्याला सैलानीबाबांच्या दर्ग्यावर नेलं होतं. तिची भीती खोटी म्हणवेना आणि गोळ्या थांबवायचं धाडसही होईना.

बुलढाण्याला डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "ताई, रक्त आटत नाही. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तिकडे ते जास्त जातं. औषधाने काम बदलतं, म्हणून रक्ताची वाटणीही बदलते."

घरी येऊन वाचायला बसले आणि गोंधळ वाढला. हे औषध डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे डी-२ ग्राही (रिसेप्टर) अडवतं. मग मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायटममध्ये, रक्तप्रवाह वाढतो कसा? हळूहळू उलगडलं: तिथल्या काही पेशींना डोपामिन याच ग्राहींमधून दाबून ठेवतं. तो दाब निघाला की पेशी अधिक काम करतात आणि त्यांना रक्तही अधिक लागतं. हालचालींवर ताबा ठेवणारा भागही हाच. दादाचा हात का थरथरतो, हे तेव्हा कळलं.

कपाळामागच्या भागाची गोष्ट वेगळी. १९७४ मध्ये स्वीडनच्या इंगवार आणि फ्रान्झेन यांनी जुनाट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा रक्तप्रवाह मोजला. एकूण प्रवाह ठीक होता, पण पुढच्या भागाच्या वाट्याला कमी येत होता. काही औषधांनी तो आणखी घटल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांतही ही कमतरता आढळली आहे. म्हणजे सगळा दोष गोळीच्या माथी मारता येत नाही.

कुठली गोळी, किती द्यायची, हे रक्तप्रवाहाच्या स्कॅनवरून ठरत नाही. ते ठरतं झोप, आवाज, चाल, थरथर यांवरून, आणि हे रोज पाहतो आपण घरचे. म्हणून ओपीडीत सगळं सांगायचं, लाजायचं नाही. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मनानेच गोळ्या बंद केल्या तर आजार उलटू शकतो. आईसारखी शंका गावोगावी अनेकांच्या मनात असेल. ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवा. उत्तर मागणं हा आपल्या माणसाच्या उपचाराचाच भाग आहे.