दुभाष्या

दोनपण सांगणारे शब्द मराठीत विपुल आहेत. परंतु त्यांतला एक दुसऱ्याच्या जागी सहसा चालत नाही. दुप्पट ही हिशेबातली गोष्ट, तर द्विगुणित व्हायचा तो आनंदच. दुहेरी म्हटले की वीण किंवा गोफ डोळ्यांपुढे येतो. दुभंग म्हटले की मुळात एक असलेले काही तुटल्याची वेदना. दुटप्पी, दुतोंडी या शब्दांपाशी पोचेपर्यंत मात्र हेच दोनपण अपराध झालेले असते. या घसरणीत कानाचाही थोडा वाटा असावा. संस्कृतातील 'द्वि' आणि 'दुस्' हे दोन्ही मराठीत पुष्कळदा 'दु' होऊन येतात. दुपदरीतला 'दु' दोनाचा, दुकाळ आणि दुबळा यांतला वाइटाचा. उच्चारावरून त्यांची ओळख पटत नाही.

चेन्नईत राहू लागल्यापासून या 'दु'कडे मी अधिक सावधपणे पाहते. या शहराच्या उभारणीत दुभाष्यांचा मोठा हात होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना येथील भाषा येत नसत. त्यांचे बोलणे, खरेदी-विक्री, कर्जे, सारे दुभाष्याच्या मध्यस्थीने चाले. दोन्ही बाजूंचे कळणारा तो एकटाच. त्यामुळे दोन्ही बाजूंना त्याची गरज आणि दोन्ही बाजूंना त्याचा संशय. अवधानम् पापय्या हा दुभाष्या 1792 साली कटाच्या खटल्यात दोषी ठरला. त्याच काळातले दुसरे दुभाषे पच्चय्यप्पा मुदलियार (1754–1794) यांनी आपली संपत्ती धर्मकार्यासाठी ठेवली आणि तिच्यातून 1842 साली निघालेल्या शाळेचे पुढे महाविद्यालय झाले. व्यवसाय एक, शब्द एक; 'दु'चे अर्थ मात्र दोन.

तंजावरचे मराठी राज्य 1855 साली संपले, तरी त्या मुलखातून आलेली कित्येक घरे या शहरात आजही माजघरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतात. त्यांना आणि आता माझ्या मुलीलाही पाहुणे हमखास विचारतात, "तुमची खरी भाषा कोणती?" पुण्याच्या आत्याबाई तर हळहळतात, "अशानं पोरीला धड एकही यायची नाही गं!" त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही, पण त्यांच्या हिशेबात दोन म्हणजे दोन अर्धी असतात.

तमिळ व्याकरणात 'इरट्टैक्किळवि' नावाची एक संज्ञा आहे. 'सलसल' हा वाहत्या पाण्याचा शब्द तिचे उदाहरण. असे शब्द जोडीनेच येतात. जोडी फोडली की उरलेल्या अर्ध्याला अर्थच राहत नाही. आपल्या 'लुकलुक'मधला एक 'लुक' वेगळा काढून पाहावा, म्हणजे हे पटेल. त्यांतला खरा 'लुक' कोणता, असे कोणी विचारत नाही. मुलगी मराठीत रुसते आणि तमिळमध्ये भांडते. तिचे हे दोनपण मी याच जातीचे मानते.